आजीला वाचता येईल असे लिहा

सुट्टीत घरी जाताना बाबा आणि मी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात एक रात्र उतरलो होतो. तिथून आजीला मेसेज पाठवला, सवयीप्रमाणे रोमन अक्षरांत. उत्तर आले नाही. फोन केला तर म्हणाली, "अरे, इंग्रजीत काय पाठवलंस? शेजारचा मुलगा आला की वाचून घेते." मी एवढेच लिहिले होते, ‘आजी, दिल्लीला सुखरूप पोचलो.’ माझी आजी रोज अख्खे वर्तमानपत्र वाचते. मला लाज वाटली.

रशियन लोकांवरही ही वेळ आली होती. जुन्या संगणकांवर सिरिलिक लिपी धड उमटत नसे, म्हणून तेही रोमनमध्ये लिहीत. पण ते तिथेच थांबले नाहीत. त्यांची ‘कोई-८’ ही संकेतावली अशी रचलेली होती की वाटेत एखाद्या यंत्राने आठवा बिट गाळला, तरी मजकूर रोमन अक्षरांत का होईना, वाचता यावा. ही युक्ती मला फार आवडली. १९९४ मध्ये ‘डॉट आरयू’ आले आणि त्याच वर्षी मॅक्सिम मोश्कोव्ह या प्रोग्रामरने रशियन पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. १९९७ मध्ये आलेले यांडेक्स रशियन शब्दांची रूपे ओळखून शोध घेई. म्हणजे आपल्याकडे ‘घर’ शोधले तर ‘घरात’, ‘घराला’ही सापडावे तसे. २०१० पासून संकेतस्थळाचा पत्ताही सिरिलिकमध्ये लिहिता येतो. जर्मनीत किंवा इस्रायलमध्ये राहणारा रशियन भाषकही याच इंटरनेटवर भेटतो.

तिथले सगळेच घ्यावे असे मी म्हणत नाही. २०२२ मध्ये रशियाने फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद केले. भाषा आपली हवी, पण दाराला कुलूप नको.

आपल्याकडे काय कमी आहे? पुण्यात सी-डॅक आहे, २०१४ पासून ‘डॉट भारत’ आहे, प्रत्येक फोनमध्ये देवनागरी कीबोर्ड आहे. आठ कोटींहून जास्त मराठी भाषक आहेत. तरी रशियन विकिपीडियावर वीस लाखांच्या आसपास लेख आणि मराठीवर एक लाखाच्या आसपास. हे लेख सरकार लिहीत नाही, आपल्यासारखे लोक लिहितात.

माझे मित्र म्हणतात, देवनागरी टाइप करायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात आपल्याला ड्रिल तरी कुठे जमत होते?

त्या रात्री सदनाच्या खोलीत मी कीबोर्ड बदलला. ‘सुखरूप’मधला दीर्घ ‘रू’ दोनदा चुकला. आजीचे उत्तर पाच मिनिटांत आले, फोनशी बोलून टाइप केलेले, एकही विरामचिन्ह नसलेले :

‘बरं झालं जेवलास का बाबांना म्हणावं औषध घ्या’