आधी पाहू या, मग उघडू या

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हे काही वाचकांना आगंतुकपणाचे वाटेल. पण ज्या घराची चूल मोटारीवर चालते, त्या घरातल्या मुलाला इंजिन कळो वा न कळो, इंजिनाचा खर्च मात्र चांगलाच कळतो. माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. बेळगावहून गोव्याच्या विमानतळावर प्रवासी पोचवायचे आणि तिकडून आणायचे, हा त्यांचा मुख्य धंदा. गाडी डिझेलची, टर्बो असलेली. बँकेचे हप्ते अजून फिटायचे आहेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास या गाडीला एक विचित्र दुखणे जडले. त्यावरून जे सुचले, ते येथे मांडतो आहे.

दुखणे असे. सपाट रस्त्यावर गाडी ठणठणीत. केरी मागे टाकून चोर्ला घाट चढू लागले, की पाचसात वळणांनंतर तिचा दम जाई. पाय तसाच दाबलेला, पण गाडी कोणी मागून ओढल्यासारखी मंदावे आणि क्षणात पुन्हा उसळी घेई. दोनदा तर पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागली. बाबा ती कडेला घेत, किल्ली बंद करून पुन्हा फिरवत, की थोडा वेळ सारे सुरळीत. मागे म्हातारी माणसे बसलेली, बाहेर अंधार आणि मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी चालकाच्या मनाची काय अवस्था होत असेल, ते वाचकांनीच कल्पावे.

टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त मिळाली, की डिझेलही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतो. आता दाब किती हवा, हे गाडीतला संगणक ठरवतो. आमच्या गाडीच्या टर्बोत धुराची वाट कमीजास्त करणारी पाती आहेत. ती एका तरफेने हलतात. तरफ ओढणारी एक डबी आहे, त्या डबीला ओढ मिळते निर्वात पंपाकडून, बोटापेक्षाही बारीक रबरी नळीतून. आणि मधली झडप संगणकाच्या हुकमाने उघडते-मिटते. म्हणजे दाब स्थिर ठेवणे हे एकट्या टर्बोचे काम नाही. ते एक सामाईक खाते आहे, आणि त्यात पाचसात भागीदार आहेत.

पहिल्या गॅरेजात गाडीला तपासणीचे यंत्र जोडले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. त्या ओळीतला ‘टर्बो’ हा एकच शब्द वाचला गेला. दहा मिनिटांत निदान झाले, ‘टर्बो गेला.’ नवा टर्बो आणि मजुरी मिळून बेचाळीस हजार. बाबा रोज पिग्मी भरतात. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या पुढल्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली. ती मोडायची, असे त्या रात्री घरात ठरले.

आपण वाणिज्याचे विद्यार्थी ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात तेरीज, मांडतो. तेरीज जुळली नाही, तर कोठे तरी चूक आहे एवढेच ती सांगते. कोणत्या पानावर आहे, हे ती सांगत नाही. त्या यंत्रावरची ओळ ही न जुळलेली तेरीज होती. तिच्यावरून सबंध खाते फाडून नवे लिहायला निघणारा कारकून आपण ठेवून घेऊ का?

पिग्मी मोडण्यापूर्वी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून गाडी उद्यमबागेकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बाबांचे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मोदल नोडोणरी, आम्याल बिच्चोणरी.” आधी पाहू या, मग उघडू या.

पाहिले म्हणजे काय केले? प्रथम प्रश्न विचारले. गाडी थंड असताना असे होते की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? मग एअर फिल्टर पाहिला. मग इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली आणि दाबाच्या सेन्सरचा आकडा वाचला. तो ब्याण्णव किलोपास्कलच्या आसपास होता. मी चपापलो, इंजिन बंद असताना दाब कसला? मिस्त्री हसले. तो आकडा बेळगावच्या हवेचा होता! समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०१ असतो. आपले गाव सुमारे अडीच हजार फुटांवर, म्हणून इथे तो कमी. सेन्सर खरे बोलतो आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या जाड नळ्यांत बेताचा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले. बुडबुडा आला नाही. म्हणजे हवा कोठे गळत नाही. मग तरफेच्या डबीला हातपंप लावला. तरफ न अडखळता सरकली आणि सरकलेल्या जागी टिकून राहिली. म्हणजे डबी फाटलेली नाही आणि काजळीने पातीही अडकलेली नाहीत.

राहिली ती झडप आणि बारीक नळी. नळीला काट्याचे मापक जोडले. थंड इंजिनावर काटा स्थिर. येथे दुसरा कोणी असता तर नळीही निर्दोष सोडून दिली असती. पण ‘तापल्यावर होते’ हे बाबांचे उत्तर मिस्त्रींच्या ध्यानात होते. गाडी अर्धा तास तापवली, आणि काटा थरथरत खाली येऊ लागला. इंजिनामागे, गरम पाइपाजवळच्या वळणात, नळीला नखाएवढी चीर होती. थंड असता मिटे, तापली की उघडे. एकशे साठ रुपयांची नळी बदलली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः घाटात आले. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे यंत्रावरचे दोन आकडे घाटभर एकमेकांना धरून चालले.

आता थोडा विचार करावा. पहिल्या ठिकाणी टर्बो बदलला असता, तर दोहोंपैकी एक झाले असते. जुनीच नळी राहिली असती, तर बेचाळीस हजार जाऊन दुखणे तसेच राहिले असते. आणि त्याच कामात नळीही बदलली गेली असती, तर गाडी बरी झाली असती आणि टर्बोच गेला होता, असे आम्ही जन्मभर सांगत फिरलो असतो. हा दुसरा प्रकार मला अधिक भयंकर वाटतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तरीही आग विझली म्हणून बंबाचे कौतुक!

टर्बो कधी जातच नाही, असे मी म्हणत नाही. दांडा ढिला होतो, तेल आत ओढले जाते, निळा धूर येतो; तेव्हा तो बदलावाच लागतो. पण तेव्हाही तो का गेला, हे शोधावे लागते. घाण तेलाने किंवा तुंबलेल्या तेलाच्या वाटेने गेला असेल आणि ते कारण तसेच राहिले, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

मग पहिला गॅरेजवाला लबाड होता काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरे खरे नाही. त्याने आधी अर्ध्या दिवसाच्या तपासणीचे सातशे रुपये सांगितले होते. बाबा म्हणाले, “नुसते बघायचे सातशे?” आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या या वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मान डोलावली. वस्तूला आपण किंमत देतो, शोधाला देत नाही. शोधाची मजुरी मिळत नसेल आणि वस्तूवर नफा मिळत असेल, तर बाजार आपल्याला वस्तूच विकणार. हे आम्हाला पुस्तकात शिकवतात, पण गॅरेजच्या दारात ते आम्हाला आठवत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. बिलात ‘तपासणी’ ही ओळ वेगळी असावी, आणि ती असली तर घासाघीस न करता आपण ती भरावी. त्या मोबदल्यात काय तपासले, काय आकडा आला, हे लिहून मागावे. आणि बदललेला जुना भाग हातात घेऊन, का बदलला, ते विचारावे. व्हाउचरवाचून खर्च मंजूर करू नये, हे आपण लेखापरीक्षणात शिकतोच. गाडीलाही तोच नियम लावायचा.

मिस्त्रींचे बिल झाले तेराशे साठ. नळी एकशे साठ, तपासणी बाराशे. बाबांनी एक रुपयाही कमी करायला सांगितले नाही. पिग्मी शाबूत आहे, आणि बहिणीची फी वेळेवर भरली जाईल.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष