भुयाराचे स्वप्न आणि वाकोल्याचे वास्तव

मुंबईची उपनगरी रेल्वे उचलून जमिनीखाली न्यावी, ही कल्पना ठरावीक काळाने डोके वर काढीत असते. कफ परेड ते आरे हा साडेतेहतीस किलोमीटरांचा भुयारी मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाल्यापासून तर या कल्पनेला नवे बळ मिळाले आहे. नवा मार्ग भुयारातून नेता येतो, तर जुने रूळ का पुरता येऊ नयेत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे; उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

रुळांनी उपनगरांचे काय केले आहे, हे वाकोल्याच्या रहिवाशांना सांगावयास नको. एकाच सांताक्रूझचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले असून, त्यांना जोडणारे मार्ग मोजकेच आहेत. त्यांपैकी मिलन सबवेत पावसाळ्यात पाणी साचणे हे जणू ठरूनच गेले आहे. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि त्यांतील पुष्कळ जण केवळ रूळ ओलांडताना बळी पडतात. रूळ जमिनीखाली गेले तर हे मृत्यू टळतील आणि वर मोकळी जागा मिळेल, हे कोणीही नाकारणार नाही.

अशी उदाहरणे जगात नाहीत असेही नाही. टोकियोत शिमोकिताझावा येथील ओडाक्यू रेल्वेचा सुमारे दोन किलोमीटरांचा भाग २०१३ साली भुयारात नेण्यात आला. फाटके नाहीशी झाली आणि रुळांच्या जागी लोकांना चालावयास वाट मिळाली. परंतु दोन किलोमीटरांच्या या कामालाही वर्षानुवर्षे लागली, हे विसरून चालणार नाही. पॅरिसने १९७७ साली उपनगरी मार्ग शहराच्या मध्यभागी भुयाराने जोडले. पण तेथे जुने रूळ पुरलेले नाहीत, नवे बोगदे खणून त्यांना जोड दिली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे.

मुंबईत अडचण आणखी गहन आहे. पश्चिम मार्गाच्या पट्ट्यातूनच लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. त्या बंद ठेवता येत नाहीत. लोकल तर एक दिवसही थांबविता येत नाही. रात्रीच्या दोन-तीन तासांत रूळांखाली खोदकाम करून पहाटे त्यावरूनच गाडी सोडावयाची, असे हे काम होईल. शिवाय आजच्या साध्या लोकलचे दरवाजे उघडे असतात आणि डब्यांना वारा बाहेरून मिळतो. बंद बोगद्यातून दर तीन-चार मिनिटांनी अशा गाड्या नेणे धोक्याचे ठरेल. म्हणजे गाड्याही बदलाव्या लागणार.

सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वाकोला नाला व मिठी नदी यांच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. येथे जमिनीखाली जाणे म्हणजे पाण्याच्या अधिक जवळ जाणे होय. याचा इशाराही मिळून चुकला आहे. नवे आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ च्या पावसात तेथे पाणी शिरले आणि गाड्या वरळीपर्यंतच आणाव्या लागल्या. नव्या, आधुनिक स्थानकाची ही गत, तर नाल्यांच्या पट्ट्यातील दीडशे वर्षांच्या मार्गाविषयी न बोललेलेच बरे.

उरतो प्रश्न खिशाचा. मेट्रो ३ चा मूळ अंदाज सुमारे २३ हजार कोटींचा होता. तो ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. हा खर्च कोणाकडून तरी वसूल होणारच. लोकलचे किमान भाडे आजही ५ रुपये आहे, भुयारी मेट्रोचे १० आणि आरे ते कफ परेड ७०. मासिक पासावर महिना काढणाऱ्या कारकुनाला किंवा कॉलेजातील विद्यार्थ्याला हा फरक क्षुल्लक नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे कोंबली जातात; आठ डब्यांच्या मेट्रोची क्षमता सुमारे अडीच हजार. तेव्हा मेट्रो ही लोकलला पूरक आहे, तिची जागा घेणारी नव्हे.

याचा अर्थ भुयारे नकोत असा नव्हे. नवे मार्ग भुयारातून जाणे अनेक ठिकाणी योग्यच आहे आणि वाकोल्याच्या बाजूलाच आलेले मेट्रोचे सांताक्रूझ स्थानक ही या पूर्व भागाची मोठी सोय आहे. परंतु जुने रूळ पुरण्याचे भव्य स्वप्न दाखवीत असताना पादचारी पूल रुंद करणे, रुळांना कुंपण घालणे, बंद दरवाजांच्या गाड्या परवडणाऱ्या भाड्यात देणे, नाले वेळेवर उपसणे, वाकोल्याहून स्थानकापर्यंत नीट बससेवा चालविणे ही साधी कामे मागे पडता कामा नयेत. ती या वर्षीच होऊ शकतात. एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ माणसे चेंगरून मेली, ती भुयार नव्हते म्हणून नव्हे. एक पुरेसा रुंद जिना नव्हता म्हणून.