फुले: आडनावात उरलेले एक दुकान

१/ पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात फुलांचा व्यवसाय करणारे एक घराणे होते. त्या दुकानाची जागा आज कोणी दाखवत नाही. पण त्याचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ते नाव म्हणजे 'फुले'.

२/ घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आजोबा शेटिबा पुण्यास आले. राणोजी, कृष्णा व गोविंद हे त्यांचे तीन मुलगे फुलांच्या कामात तरबेज झाले. त्यांच्या कसबाची कीर्ती पेशव्यांपर्यंत पोहोचली, वाड्यात त्यांची फुले जाऊ लागली आणि ३५ एकर जमीन इनाम मिळाली. गोऱ्ह्यांना लोक फुले म्हणू लागले.

३/ हे कसब किरकोळ नव्हते. फूल हा नाशिवंत माल. मोगरा कळी असतानाच तोडावा लागतो, दिवसाचा माल दिवसातच खपवावा लागतो. हार, गजरा, वेणी, मुंडावळी यांतील प्रत्येकाची गुंफण निराळी. कामसूत्रातील ६४ कलांच्या यादीत माल्यग्रथनाचा समावेश आहे. ग्रंथांनी कला नोंदवली. ती पोटासाठी करणाऱ्यांची चरित्रे मात्र क्वचितच लिहिली गेली.

४/ पुढे इनामाची जमीन थोरल्या भावाच्या ताब्यात गेली. धाकट्या दोघांना शेती व फुलविक्री यांवरच गुजराण करावी लागली. गोविंदरावांचे पुत्र जोतीराव यांचा जन्म १८२७ चा. प्राथमिक शिक्षणानंतर त्यांची शाळा सुटली आणि ते घरच्या दुकानात व शेतात राबू लागले. शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले, तेव्हा १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

५/ चरित्रकार १८४८ मधील एक प्रसंग आवर्जून सांगतात. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव सामील झाले, आणि माळ्याच्या मुलाने बरोबरीने चालावे याबद्दल त्यांचा अपमान करण्यात आला. या प्रसंगाकडे फुलांच्या दुकानातून पाहिले, तर त्यातील विसंगती उघडी पडते. माळ्याने ओवलेला हार देवाच्या गळ्यात चालत होता, नवरदेवाच्या गळ्यातही चालत होता. तो हार ओवणारा माणूस मात्र वरातीत चालत नव्हता.

६/ त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा पहिला काव्यसंग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'काव्यफुले'. घराण्याला धंद्यावरून मिळालेले नाव त्यांनी अभिमानाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेले, असे त्यातून वाटल्यावाचून राहत नाही.

७/ १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावण्यास सुरुवात झाली. श्रम एकाचे आणि पावित्र्याचा अधिकार दुसऱ्याचा, ही वाटणीच या विवाहांनी नाकारली. फुले पिकवणाऱ्या आणि ओवणाऱ्या समाजाला ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती.

८/ यावर आक्षेप येईल की जोतीरावांनी पुढे बांधकामाची कंत्राटे घेतली, त्यांच्या विचारांवर थॉमस पेन यांच्या ग्रंथाचा प्रभाव होता. मग दुकानाला एवढे महत्त्व कशाला? आक्षेप रास्त आहे. दुकानाने विचारवंत घडवला, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही पुस्तकातला समतेचा विचार ज्या मनात रुजला, त्या मनाने जिन्नस आणि माणूस यांना लावली जाणारी दोन निरनिराळी मापे लहानपणापासून पाहिली होती. ती मापे 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही दिसतात: धान्य सर्वांना हवे, कुणबी मात्र कोणालाच नको.

९/ म्हणून फुलांच्या व्यवसायाचा इतिहास केवळ सौंदर्याचा इतिहास म्हणून लिहू नये. त्यात जमिनीची वाटणी, जातीची उतरंड आणि हातांचे मोल यांचा हिशेब आला पाहिजे. ११ एप्रिलला जोतीरावांच्या पुतळ्याला हार घातले जातात. हार घालणाऱ्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी छापून येतात. हार ओवणारी बाई तेव्हा पदपथावर बसून पुढच्या गिऱ्हाइकासाठी झेंडू ओवत असते. तिचे नाव विचारण्यापासून या इतिहासाची सुरुवात करता येईल.