दुरुस्तीची किल्ली कोणाच्या हाती?

साथींना विषय परका वाटेल. तो पोटापाण्याचा आहे. कळंब्याच्या आयटीआयमधून शिकून शिरोलीच्या कारखान्यात गेलेल्या तरुणाला लेथची दातेरी चाके उकलतात, पण कंट्रोल बोर्डावरील चिप त्याच्यापुढे मुकीच राहते. तिला बोलते करणारे 'ओपन-ओसीडी' हे सॉफ्टवेअर २००५ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून जन्मले. चालती चिप थांबवावी, तिची मेमरी वाचावी, दोष शोधावा, अशी ही सोय. आणि ती कोणालाही वापरता, बदलता येते. (उत्पादकाने चिपला कुलूप ठोकले असेल, तर हेही हत्यार बोथट होते.)

पुढील सुधारणा मात्र ज्याच्यापाशी सवड आणि पैसा, तोच ठरविणार. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर जनतेच्या पैशातून उभे राहिले. त्यांच्या तपासणीची सोय या सॉफ्टवेअरमध्ये अद्ययावत राखण्यासाठी आणि मराठी पुस्तिका लिहिण्यासाठी शासनाने पगारी माणसे नेमावीत; त्यांचे काम मूळ प्रकल्पास खुले द्यावे. आणि संघटनांच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाखाली एक ओळ हवी: यंत्र खरेदी करतानाच त्याच्या चिपचे कुलूप उघडण्याचा हक्क कारखान्याने लिहून घ्यावा.