पाळणा लांबवायचा, पण बाईनेच का?

११ जुलै आला की नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यांत लोकसंख्या दिनाचे फलक लागतात. लहान कुटुंबाचे गोडवे गायले जातात, आकाशवाणीवर तज्ज्ञांची मुलाखत होते, पंधरवडा संपतो. या साऱ्या प्रचारात बोलणे कोणाशी चालते? बाईशी! मुखेडच्या तांड्यावर काय किंवा निलंग्याच्या भीमनगरात काय, 'आशा' ताई दारात आली की घरातला बाप्या हळूच चपला घालून बाहेर पडतो.

त्याचे फळ समोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा भरत नाही. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची. बाईच्या मात्र पोटात शस्त्र घालावे लागते, आणि चार दिवसांत ती पुन्हा सोयाबीनच्या रानात वाकलेली असते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा मांडला होता, हे आपण तरी विसरता कामा नये. १० नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे कामगारांच्या ऐतिहासिक संपानंतर तीनच दिवसांनी, मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. प्रसूतीच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणी होऊ दिले नसते, असा त्यातला बिनतोड मुद्दा. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणारे बाबासाहेबच होते. (नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, इकडे या वादाचा वाराही लागला नसेल.)

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये कार्यक्रम घेतला, पण बाईचा हक्क बाजूला पडून उद्दिष्टाचा आकडा वर आला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. पकडले गेले ते गोरगरीब, दलित, मुसलमान. त्या जुलमाची दहशत एवढी बसली की पुढाऱ्यांनी पुरुषाचे नावच टाकले आणि सारा भार बाईच्या पोटावर आला. २००१ मध्ये पंचायत राज कायद्यात तिसऱ्या अपत्याची अट आली. सासरच्यांनी मुलासाठी तिसरे बाळंतपण लादायचे आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या आमच्या भगिनीचे सदस्यत्व जायचे, हा कुठला न्याय?

आपले काही कार्यकर्ते खासगीत म्हणतात, संख्या वाढली तर मते वाढतील. त्यांनी हे आधी स्वतःच्या पत्नीला विचारावे. दुसरे म्हणतात, नसबंदीने गड्याला कमजोरी येते. ही शुद्ध भाकडकथा आहे. ताकद जात नाही, काम सुटत नाही. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग तपासणी करून घ्यावी लागते, एवढेच. ज्या जोडप्याला केवळ अंतर ठेवायचे आहे त्याच्यासाठी तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळी आहे. सरकारी केंद्रात मोफत. पण विशीतल्या किती सुनांना ही नावे कोणी समजावून सांगितली? त्यांना ठाऊक असते एकच : दोन झाली की ऑपरेशन.

आरोग्य खात्याने फलकावरचे चित्र बदलावे. हसरी आई खूप झाली, आता ऑपरेशन करून घेतलेला बाप दाखवा, त्याचा आवाज आकाशवाणीवर ऐकवा. आणि खात्याच्या आधी आपण सुरुवात करू. वर्षावासात नांदेड-लातूरच्या विहारांत संध्याकाळी माणसे जमतातच. एका संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा, आणि त्या दिवशी पुढच्या सतरंजीवर पुरुषांना बसवा.