संगणक अचानक बंद पडतो तेव्हा : आधी निदान, मग चिकित्सा

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, आपल्या उपनगरांतील अनेक चिकित्सालयांत व औषधालयांत आज रुग्णनोंदी, औषधांचा साठा, बॅच क्रमांक, मुदतीच्या तारखा आणि जीएसटीची बिले हे सारे एकाच संगणकात साठवलेले असते. टेबलावरचे इतर दोन-तीन संगणक त्यालाच जोडलेले असतात. या यंत्राला आपण 'सर्व्हर' म्हणतो खरे. पण त्याचे स्थान बहुधा काउंटरखाली, पायांशी, चूर्णाच्या डब्यांच्या शेजारी असते. ते मध्येच बंद पडले की बटण दाबून पुन्हा चालू करावयाचे आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवावयाचे, ही आपली रीत. तिसऱ्या-चौथ्या वेळी दुरुस्तीचा माणूस येतो, एखादा भाग बदलून पैसे घेऊन जातो, आणि आठवड्याने तोच प्रकार पुन्हा घडतो.

ज्वर दिसला की केवळ ताप उतरविणारी गोळी देणाऱ्यावर आपण टीका करतो. मग आपल्याच काउंटरखालच्या यंत्राच्या बाबतीत आपण हेतूचा विचार न करता केवळ लक्षणाचा उपचार का स्वीकारतो, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. नोंद लिहिली जात असतानाच वीज तुटली तर ती अर्धवट राहते, आणि कधी कधी पुढे ती संपूर्ण फाइलच उघडत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. त्याहून मोठे नुकसान रुग्णनोंदींचे. आमवाताच्या रुग्णाला चार वर्षांत कोणता योग, कोणत्या मात्रेत, कोणत्या अनुपानाने दिला आणि उपशय केव्हा मिळाला, ही माहिती पुन्हा विकत मिळत नाही.

माधवनिदानाचा आरंभच निदानपंचकाने होतो. हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति ही विचारपद्धती येथेही तंतोतंत उपयोगी पडते.

प्रथम रूप पाहावे. यंत्र क्षणार्धात काळे पडले की आधी निळा पडदा दिसला, की 'बंद होत आहे' असा संदेश देऊन ते रीतसर बंद झाले? हे तीन भिन्न विकार आहेत. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही आपोआप लिहिली जाते, ती अवश्य उघडावी. तेथे १०७४ हा क्रमांक दिसला तर एखाद्या व्यक्तीने किंवा प्रणालीनेच, बहुधा अपडेटसाठी, यंत्र बंद केलेले असते. त्यात बिघाड शोधू नये, अपडेटची वेळ रात्रीची करावी. १००१ हा 'बगचेक'चा क्रमांक निळ्या पडद्याची साक्ष देतो. तेव्हा रॅम, हार्ड डिस्क किंवा नव्याने घातलेले एखादे ड्रायव्हर यांकडे लक्ष जावे. ६००८ आणि ४१ हे क्रमांक मात्र एवढेच सांगतात की मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ४१ या नोंदीच्या नावात 'पॉवर' हा शब्द आहे. तेवढ्यावरून एसएमपीएस बदलण्याचा सल्ला दिला जातो. परंतु ते रूप आहे, हेतु नव्हे.

हेतूंचा विचार करताना देश आणि काल विसरून चालणार नाही. मुंबईची दमट हवा, रस्त्यावरची धूळ आणि औषधालयात उडणारे सूक्ष्म चूर्ण यांचा थर पंख्यावर व प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांवर बसतो. उष्णता बाहेर पडेनाशी झाली की प्रोसेसर आधी मंद होतो आणि तापमान साधारण शंभर अंशांच्या आसपास गेले की स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद पडते. पंख्याचा वाढलेला आवाज आणि मंदावलेले काम हे त्याचे पूर्वरूप होय. दुसरा हेतु यूपीएसची बॅटरी. बंद लेड-ॲसिड बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षे टिकते आणि २५ अंशांच्या वर सुमारे दर दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते. कोंदट काउंटरखाली ती लवकर संपते. यूपीएसचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो. तिसरा हेतु जुन्या इमारतींतील सदोष अर्थिंग आणि सैल प्लग. चौथा, एसएमपीएस किंवा मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर.

उपशयाचा नियम येथे फार मोलाचा आहे : एका वेळी एकच बदल करावा. धूळ काढली, रॅम बदलली आणि विंडोजही नव्याने घातले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

मुलुंडमधील एका स्नेह्यांच्या औषधालयात सर्व्हर वरचेवर बंद पडे. एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, तरी उपयोग शून्य. अखेर त्यांनी एक साधी वही ठेवली : तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. घटना संध्याकाळच्या गर्दीत, बिल छापतानाच घडत होती. लेझर प्रिंटर सर्व्हरच्याच यूपीएसला जोडलेला होता. अशा प्रिंटरमधील तापणारा भाग अधूनमधून शेकडो वॅट ओढतो, तर ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देऊ शकतो. विजेचा दाब उतरून यूपीएस बॅटरीवर गेला आणि त्याच क्षणी प्रिंटर तापत असला, की भार न पेलून तो सर्वच पुरवठा तोडी. ही झाली संप्राप्ति. प्रिंटर भिंतीवरील स्वतंत्र प्लगला जोडला आणि तक्रार संपली. खर्च काहीही नाही.

काही हेतु मात्र आपल्या हाती नसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाचा विद्युत्पुरवठा कोलमडला. अंधेरी-बोरिवलीला अदानी वा टाटा, मुलुंडला महावितरण, असा भेद त्या दिवशी कामास आला नाही, लोकलगाड्याही थांबल्या. अशा वेळी छोटा यूपीएस दिवसभर काम चालविण्यासाठी नसतो, फाइली जपून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी असतो. यूएसबी केबलने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस घेतला तर हे काम कोणी जवळ नसतानाही आपोआप होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्या पुरात तळमजल्यावरची असंख्य दुकाने बुडाली. म्हणून सर्व्हर जमिनीपासून उंच असावा, आणि नोंदींची एक प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर व एक प्रत वास्तूबाहेर असावी. शेजारच्याच खणात ठेवलेली प्रत पुरात मूळ प्रतीसोबतच जाते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

"आम्ही वैद्य, तंत्रज्ञ नव्हे," असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. भाग बदलणे तंत्रज्ञाचेच काम. परंतु रुग्ण वैद्याला लक्षणांचा इतिहास सांगतो, तसा यंत्राचा इतिहास तंत्रज्ञाला आपणच सांगावयास हवा. तो न सांगता केवळ 'बंद पडतो' एवढेच म्हटले, तर त्यानेही अंदाजाने औषध दिल्यास दोष कोणाचा?

माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येकाने सर्व्हरशेजारी एक वही ठेवावी, नोंदवहीतील क्रमांक तिच्यात उतरवावा आणि हेतु सांगितल्याशिवाय कोणताही भाग बदलू देऊ नये. यूपीएसची परीक्षा सहा महिन्यांनी, सर्व्हरच्या जागी शंभर वॅटचा दिवा जोडून घ्यावी. आपल्या संघटनेनेही विभागवार अर्ध्या दिवसाचे एक शिबिर घेऊन हा विषय प्रत्यक्ष यंत्रासमोर समजावून द्यावा. पावसाळ्यापूर्वी ते झाले तर अधिक उत्तम.