दहा वर्षे हुकूमशहा हवा, असे म्हणण्याआधी

पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात एक वाक्य वारंवार कानावर येते : ‘या देशाला दहा वर्षे हुकूमशहाच पाहिजे.’ रखडलेले रस्ते आणि सरकारी कचेरीतले हेलपाटे यांच्या संतापातून ते येते, हे मला कळते. तरीही सांगतो, असे म्हणू नका. दहा वर्षांनी त्याला उतरवणार कोण?

राज्यव्यवस्था जोखताना तिच्या पाटीवर जाऊ नका. ब्रिटन प्रजासत्ताक नाही, तिथे राजा आहे. पण 1979 साली तिथले सरकार संसदेत एका मताने पडले. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाहीही आहे आणि प्रजासत्ताकही. तिथे 1948 पासून एकाच घराण्याची सत्ता आहे, आता तिसरी पिढी गादीवर आहे.

जर्मनीचे उदाहरण मात्र नीट ऐका. ते प्रजासत्ताक होते, निवडणुका होत होत्या, लोक बेकारीने गांजले होते. मार्च 1933 मध्ये तिथल्या संसदेनेच संसदेला वगळून कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला दिला. मुदत होती फक्त चार वर्षांची. त्याच जुलैपर्यंत बाकीचे सगळे पक्ष संपले होते. हिटलर गेला तो 1945 साली, देश बेचिराख झाल्यावर.

आपणही 1975 साली आणीबाणी पाहिली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, जयप्रकाश नारायण यांच्यासारखी माणसे तुरुंगात गेली. गाड्या वेळेवर धावतात म्हणून कौतुक करणारे तेव्हाही होते. पण मार्च 1977 मध्ये निवडणूक झाली आणि खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या. रक्त न सांडता राज्यकर्ता बदलता येणे, माझ्या मते हीच खरी कसोटी.

राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगून ठेवला होता. एकाच माणसाने येऊन सगळे सुधारावे, ही आस त्याच पूजेतली.

तुमचा संताप खरा असेल तर तो ग्रामसभेत घेऊन जा. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग मूठभर माणसे गावाचा निर्णय करून मोकळी होतात. पुढच्या सभेला घरातल्या बायकांसह जा, जमाखर्च वाचायला लावा आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नका.